अर्ध्या बाटल्यांची पिशवी

“वस्तू ठेवायला डोकं लागत नाही, न ठेवायला लागतं,” असं काका एकदा म्हणाले होते. मोरीत नवा साबण ठेवायला विसरले म्हणून मावशी त्यांना झापत होती, तेव्हा. विनोद म्हणून म्हणाले असावेत. पण काकांच्या विनोदाला हसायचं की नाही, हे आमच्या घरात कुणालाच कधी नीट कळलेलं नाही.

काका म्हणजे मावशीचे यजमान. तरुणपणी ते सहलीच्या जहाजावर केबिन आवरायला होते. आता मोठ्या रुग्णालयासमोरच्या निवासात खोल्या बघतात. लांबून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक तिथे उतरतात, रडतात, कपडे वाळत घालतात आणि निघून जातात. काकांचं काम त्यांच्या मागे खोली अशी करायची की जणू आधी तिथे कुणी रडलंच नव्हतं. चादर ते इतकी ताणून घालतात की तिच्यावर बसायला माणूस क्षणभर कचरतो. निवासाकडून प्रत्येक खोलीत फक्त साबणाची वडी मिळते. शाम्पूच्या पुड्या आणि हातापायांना लावायच्या क्रीमची डबी काका स्वतः आणून ठेवतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारतही नाही.

“माझ्या टाचांत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात,” मावशी म्हणते, “आणि हे जगाच्या टाचांना मलम लावत फिरतायत.”

“तुला पण आणतो की.”

“राहू द्या. मी काय पाहुणी आहे?”

स्वतः काका कपड्याच्या साबणाने आंघोळ करतात. घाण निघाल्याशी मतलब, म्हणतात. त्यांची पाठ मासळीच्या खवल्यांसारखी खरखरीत आहे असं मावशी चारचौघांत सांगते, आणि काका खाली बघून पेपर वाचत राहतात.

त्यांचा गुडघा धरल्यापासून चादरींचा गठ्ठा वर न्यायला मी बरोबर जाते. त्या सकाळी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतली माणसं रुग्णालयात गेली होती. आम्ही दार उघडलं तर खाटेवर टॉवेलचा हत्ती बसलेला. एक टॉवेल पायांचा, एक सोंडेचा, आणि कान बाहेर मुडपून काढलेले. मी हसले. म्हटलं, “काका, कुणीतरी तुमच्या पोटावर पाय द्यायला आलंय.”

काका खाटेवर बसले. पाहुण्याच्या खाटेवर ते कधी बसत नाहीत. हत्तीच्या कानाला त्यांनी हात लावला आणि काढून घेतला.

“बोटीवर कान बाहेर मुडपणारा एकच होता,” ते म्हणाले. “बाकी आम्ही सगळे आत मुडपायचो.”

खोली तशीच टाकून आम्ही निघालो. जिन्यात खालून पावलं वाजली, एक म्हातारा खोकला आला, आणि काका, माझे साठी उलटलेले काका, चादरींच्या कपाटामागे जाऊन उभे राहिले. त्या खोलीतले गृहस्थ वर गेले. मला नमस्कार करून गेले. काका कपाटामागून निघाले तेव्हा त्यांच्या खांद्याला भिंतीचा चुना लागला होता. तो त्यांनी झटकला नाही.

दुपारी जेवताना ते भात नुसता चिवडत बसले. मावशीने ताट पुढ्यातून ओढून घेतलं. “आता बोला. नाहीतर उठा. अन्नासमोर असं तोंड करून बसू नका.”

मग ते बोलले. आयुष्यात त्यांना एवढं सलग बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

जहाज म्हणजे तरंगतं दुकान असतं, काका म्हणाले. माणूस तिकीट काढून चढतो आणि समजतो, झालं, आता समुद्र बघायचा. पण समुद्राकडे बघायला आपण त्याला उसंतच द्यायची नाही, हे काम. फोटो काढून त्याला विकायचा. पेय विकायचं, अंगठी विकायची. केबिन आवरणाऱ्यांनाही सूट नव्हती. टॉवेलचा हत्ती करायचा, आणि त्याच्या सोंडेत मालिशच्या सवलतीचा कागद खोचायचा. प्रवासी दारात भेटला की हसून म्हणायचं, मॅडम थकलेल्या दिसताय. थकलेली नसली तरी म्हणायचं. एकदा म्हटलं की बाई आरशात बघते, आणि बघितलं की थकते. रोज सकाळी साहेब, म्हणजे केबिनवाल्यांचा सुपरवायझर, आम्हाला रांगेत उभं करून विचारायचा, कुणाच्या वाट्याला कोरड्या केबिन आहेत? ज्या केबिनने काहीच विकत घेतलं नाही ती कोरडी. कोरड्या केबिनवाल्याने मान खाली घालायची.

काका ज्या खोलीत झोपत ती खिडकी नसलेली, पाण्याच्या पातळीखालची. एकावर एक दोन खाटा. खालची काकांची. वरती तो. म्हणून काका त्याला ‘वरचा’ म्हणत आणि तो काकांना ‘खालचा’. बोटीवरच्या गर्दीत असा एखादाच माणूस मिळतो, काका म्हणाले, ज्याचं घोरणं ऐकल्याशिवाय झोप येत नाही.

एके सकाळी साहेबाने सांगितलं, उद्यापासून खालच्या मजल्यांवरच्या केबिनमध्ये शाम्पू, लोशन काही ठेवायचं नाही. साबण पुरे. कुणी मागितलं तर म्हणायचं, संपलंय साहेब, वरच्या दुकानात मिळेल. सगळं तोंडी. कागदावर एक अक्षर नाही.

“आणि तुम्ही नाही ठेवलंत,” मावशी म्हणाली.

“नाही ठेवलं. पहिल्या दिवशी हात आपोआप बाटलीकडे जायचा. तो मागे घ्यायला लागायचा.”

खाऱ्या वाऱ्याने माणसांची कातडी फाटायची. एक म्हातारी होती, हाताला चिरा पडलेली. दुकानातल्या बाटलीवरची किंमत बघून परत आली आणि काकांना म्हणाली, बाळा, थोडंसं मिळेल का रे, बोटभर? काकांना काही सुचेना. मग सुचलं. वरच्या मजल्यांवरच्या मोठ्या केबिनमध्ये बाटल्या असायच्याच, आणि तिथले प्रवासी उतरताना त्या अर्ध्या टाकून जायचे. त्या कचऱ्यात जायच्या. काकांनी त्या पिशवीत भरायला सुरुवात केली. अर्ध्यात अर्धी ओतून पूर्ण करायची, आणि खालच्या मजल्यावर ज्याला गरज त्याच्या हातात गुपचूप ठेवायची. वापरलेली वस्तू दुसऱ्या प्रवाशाला देणं नियमाबाहेर होतं. पण विचार काकांचा होता आणि विचार चांगला होता. वरचा तर खूश झाला. तो म्हणाला, खालच्या, तुझ्या डोक्यात कधीतरी काही निघतं म्हणायचं. मग दोघंही ओतू लागले. काकांच्या खाटेखाली बुटांची गर्दी, म्हणून पिशवी वरच्याच्या उशाशी फळीवर ठेवली.

तिकडे प्रवासी तक्रारी लिहीत होते. एवढे पैसे मोजून मोरीत नुसता साबण? तक्रारी कचेरीपर्यंत गेल्या. कचेरीने जहाजाला विचारलं, आम्ही बाटल्या पाठवतो, त्या जातात कुठे? हुकूम आपला होता हे लपवायला साहेबाला उत्तर हवं होतं. झडती झाली आणि उत्तर फळीवर सापडलं.

“मला बोलावलं,” काका म्हणाले. “टेबलावर पिशवी. एका बाजूला तो उभा. साहेब म्हणाला, ही पिशवी तुझी पण आहे का?”

मावशीने हातातला तांब्या खाली ठेवला.

“मी म्हटलं, मी खाली झोपतो.”

मला वाटलं, हे खोटं नाही. माणूस कधीकधी खऱ्या वाक्याच्या आत जाऊन दार लावून घेतो.

पुढच्या बंदरावर त्याला उतरवलं. चोर म्हणून शेरा मारला, म्हणजे दुसऱ्या कुठल्या जहाजाची शिडी त्याला बंद. जाताना त्याने काकांचे बूट खाटेखाली नीट लावून ठेवले होते. काकांना बढती म्हणून वरचा मजला मिळाला, मोठ्या केबिन, भरपूर बाटल्या. तिथे त्यांनी आणखी बरीच वर्षं काढली. त्या नोकरीवर हे घर उभं राहिलं, हे ते म्हणाले नाहीत. मावशीने भिंतीकडे बघितलं, तेव्हा मला ते कळलं.

“उद्या जायचं आणि सांगायचं,” मावशी म्हणाली. “त्याच्या माणसांसमोर सांगायचं. तोंड दिलंय ना देवाने? मग उघडा.”

“त्याचा मुलगा आत आहे. ऑपरेशन आहे त्याचं.”

“म्हणून काय झालं? बोलायला शुभ दिवस लागतो का तुम्हाला?”

सकाळी काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मावशीने त्यांच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू कापड बघत होती. मी चादरी घेतल्या. जिन्यात दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा गुडघ्यासाठी नव्हतं.

दार त्या गृहस्थांच्या बायकोने उघडलं. ठेंगणी, भरभर बोलणारी बाई, रात्रभर जागलेली आणि त्यामुळेच की काय, जास्तच हसरी. “या या. टॉवेल आणलेत? मोजून द्या हो आमच्या ह्यांच्याकडे. यांना साबण, टॉवेल असं काही दिसलं की हात शिवशिवतात. बोटीवरून बाटल्या चोरल्या म्हणून हाकलून दिलेला माणूस आहे हा, सांगून ठेवते.”

“झालं का सुरू,” खुर्चीतून ते गृहस्थ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रोजच्या औषधाची सवय व्हावी तशी सवय होती.

“का, खोटं आहे का? सुनेला पहिल्याच दिवशी सांगितलं मी. म्हटलं बाई, तुझी तेलफणी कुलपात ठेव, सासरे मुरलेले आहेत.” ती स्वतःच हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. “पोरगा पण काल आत नेताना हेच म्हणाला. म्हणे, आई, बाबांना डॉक्टरांच्या कपाटाजवळ उभं करू नकोस.”

काका चादर हातात धरून उभे होते. त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही. कदाचित आल्या दिवशीच ओळखलं असेल.

“वहिनी,” काका म्हणाले, “ते बाटल्यांचं—”

“अगं, गरम पाणी आणतेस का खालून?” ते मधेच म्हणाले. “घसा बसलाय माझा.”

“आत्ता तर आणलं होतं.”

“निवलं ते.”

ती बडबडत थर्मास घेऊन गेली. मी खाटेच्या पलीकडे उशीचे अभ्रे बदलत होते. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही, आणि माझे पायही निघाले नाहीत.

“सांगायला आलायस,” ते म्हणाले.

“हो.”

“नको सांगूस.”

“पिशवी माझी होती. डोकं माझं होतं. मी—”

“मला माहीत नाही का ते? मी तिथेच होतो.” त्यांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. “हे बघ. घरी गेलो तेव्हा शेजारीपाजारी चोर म्हणायचे. ही रोज भांडून यायची त्यांच्याशी. भांडून भांडून थकली. मग एक दिवस तिनेच चेष्टा केली, सगळ्यांच्या आधी. त्या दिवसापासून बाहेरच्यांना बोलायला काही उरलं नाही. त्या चेष्टेवर आम्ही संसार केला. पोरं मोठी केली. आता तू तिला सांगणार की मी काही केलंच नव्हतं. मग ती काय करेल? आजवर किती वेळा बोलली ते आठवत बसेल. पोरगा आत आहे आणि ती हे आठवत बसेल. तू मोकळा होशील आणि ती अडकेल.”

“मग मी काय करू?”

“ते मला काय विचारतोस.”

“माफ—”

“तेही नको मागूस. देणार नाही मी. कशाला खोटं बोलू? तेवढं तुझ्याकडेच राहू दे.”

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला आधी वाटलं, ते चादरीबद्दल बोलतायत. काकांनी चादर खाटेवर टाकली, एक कोपरा खोचला, दुसरा खोचला. त्यांच्या हातांना दुसरं काही येत नाही. एक बाजू सैल राहिली. मी पहिल्यांदाच त्यांची चादर सैल पाहिली.

बाई थर्मास घेऊन आली. दोघांकडे आळीपाळीने बघत ती म्हणाली, “काय हो, ओळख निघाली की काय?”

“निघाली,” ते म्हणाले. “एकाच बोटीवर होतो. एकाच खोलीत.”

“अगं बाई! खरंच?” तिचा चेहरा एकदम उजळला, मुलीसारखा. थर्मास तसाच हातात धरून ती काकांच्या समोर येऊन उभी राहिली. “मग तुम्हीच सांगा आता. एवढी वर्षं झाली, मी याच्या तोंडून कधी हो ऐकलं नाही की नाही ऐकलं नाही. हसण्यावारी नेतो नुसता. तुम्ही तर तिथे होतात. खरंच चोरल्या होत्या का हो याने?”

ती हसत होती. पण प्रश्न हसण्याचा नव्हता. इतक्या वर्षांनी तो तिच्या तोंडून असा बाहेर पडला की तिलाच त्याचं नवल वाटलं असावं, आणि तिचं हसू हळूहळू ओठांवरच थांबलं. ते गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते.

काकांनी तोंड उघडलं. मी पाहिलं, उघडलं. मग त्यांनी वाकून जमिनीवरच्या मळक्या चादरी गोळा केल्या, छातीशी धरल्या, आणि तोंड मिटून ते खोलीबाहेर पडले.