न्यायमूर्तींचा गाऊन

कोर्टामागच्या बोळात वकिलांचे नि न्यायाधीशांचे काळे गाऊन शिवणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणत. तिचा पोरगा संपातल्या जाळपोळीत नाहक गोवला गेला. शिक्षा झाली, अपील वरच्या कोर्टात पडून होतं. त्याचा खटला फुकट लढलेला वकील आता कायदामंत्री होता. त्या एका आधारावर मावशी तग धरून होती.

आणि त्याच मंत्र्यानं अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर नेमलं कुणाला? ‘संपवाल्यांना तुरुंगातच सडवा’ असं भर सभेत गरजलेल्या, मित्रपक्षाच्या वकिलाला! वर त्याच्या गाऊनचं माप मावशीकडंच आलं.

ती तडक बंगल्यावर गेली. मंत्र्यानं उठून स्वतःची खुर्ची दिली. माणूस बदलला नव्हता, हीच तर पंचाईत.

“मावशी, त्यांच्या पक्षानं सरकारचा पाठिंबा काढला की मजुरांचा कायदा बोंबलला. एक खुर्ची दिली, हजारो घरं वाचतील.”

“त्या हजारांत माझं घर धरलंय का, भाऊ?”

तो हळूच म्हणाला, “माझ्याही मनाला लागतंय हो.”

“तुमच्या मनाला, आमच्या गळ्याला!”

घरी येताना तिनं मनाशी ठरवलं, गाऊनच नाही तर शपथ कसली? बिनगाऊनचा न्यायाधीश तिनं जन्मात बघितला नव्हता. कापड बेतलं, पण बाह्या जोडल्याच नाहीत. कोर्टाचा शिपाई हेलपाटे घालून वैतागला.

“गाऊन शिवताय की तंबू?”

“मशीन रुसलंय,” ती म्हणायची.

शपथेच्या दिवशी ती दार लोटून बसली. दुपारी शिपाई हजर.

“झाली की शपथ! दुसऱ्या साहेबांचा चढवला. आखूड झाला जरा, त्यावरून साहेब जाम तडकलेत. तुमचा उद्या सकाळी पाहिजे.”

तो गेला. मावशी भिंतीला टेकली. काज करणारी सून जवळ आली.

“आई, आपलं अपील त्यांच्याच पुढं लागणार. उठा.”

“हात चालत नाहीत गं.”

“मी धरते कापड.”

मावशी मशीनवर बसली. बाह्या जोडल्या, शिवणी दाबल्या. मग पेटीतलं सगळ्यात मऊ अस्तर काढून मानेपाशी आतून लावायला घेतलं.

“ह्याचे कोण पैसे देणार?” सून म्हणाली.

“कुणी नाही. पण खुर्चीत बसल्यावर मानेला टोचलं, तर राग कुणावर निघायचा?”

आणि तिनं टाके आणखी बारीक घातले.