पंप बंद ठेवणारी पाणीवाली

कामावर सगळे तिला ‘पाणीवाली’ म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणाच जास्त होता. म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकलं? तेलाच्या विहिरींवर इंजिनिअर म्हणून आली आणि विहिरींतून निघालं पाणीच. खाली वाळूचा खडक, पण इतका घट्ट की तेल त्याच्या बारीक छिद्रांत दडून बसलेलं. एका विहिरीतून पाणी दाबायचं आणि शेजारच्या विहिरीकडे तेल ढकलायचं, ही तिथली रीत. तेल येईना म्हणून हिनं दाब वाढवला. खडकाला भेग पडली, पाणी त्या भेगेतून सरळ पलीकडे पोचलं आणि तेल जागचं हललंही नाही.

आता विहिरी सिमेंटनं बुजवायचं वरून ठरत आलं होतं. त्या खोदल्या होत्या तिच्या वडिलांनी. निवृत्त झाल्यापासून जेवतानाही ते विहिरींचीच चौकशी करत, जणू लेकी सासरी दिल्यात. शेवटी एकदा ताटावरच तिनं सांगून टाकलं, “बाबा, माझ्या घाईनं वाटोळं झालं.”

“मग निस्तर की! रडतेस काय?”

तिनं नवा घाट घातला. काही दिवस पाणी दाबायचं, मग पंप चक्क बंद ठेवायचा. तेवढ्या उसंतीत भेगेतलं पाणी बारीक छिद्रांत मुरतं आणि तिथलं तेल बाहेर सरकतं, हे तिनं प्रयोगशाळेत खडकाच्या तुकड्यांवर पाहिलं होतं. मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

“अहो बाई, पंप बंद ठेवून तेल काढणार? मग पगारही घरी बसूनच घ्या!”

पण नाहीतरी बुजवायच्याच विहिरी, म्हणून परवानगी मिळाली.

पहिल्या खेपेला नमुन्याच्या बाटलीत पाणीच. दुसऱ्या खेपेलाही तेच. साहेब तिच्याकडे बघून नुसते खोकायचे. पुढच्या खेपेला पंपावरच्या मामांनी शेजारच्या विहिरीचा नळ सोडला आणि बाटली काळी झाली. तिनं ती थोडा वेळ उभी ठेवली. तळाला बोटभर पाणी, वर सगळं तेल! तिचा आनंद गगनात मावेना. सगळ्यांदेखत तिनं मामांचा तेलकट हात धरून गदागदा हलवला.

साहेब धावतच आले. “शाबास! आता थांबायचं नाही. मामा, पंप सुरू करा, दाब वाढवा!”

“नाही साहेब. पंप बंदच राहील. दाबाची फळं एकदा भोगलीत.”

मामा जागचे हलले नाहीत. साहेबांनी बाटलीकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिथूनच त्यांनी वर कळवलं, सिमेंट पाठवू नका.

तिनं घरी फोन लावला. “बाबा, तेल आलं. विहिरी बुजवत नाहीत.”

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज झाला. मग बाबा बोलले, पण तिच्याशी नव्हे. खिडकीतून सगळ्या गल्लीला ते ओरडून सांगत होते, “अहो, ऐकलंत का? माझ्या पोरीनं विहिरी वाचवल्या!”