केसांचा टोप घातलेला डायरेक्टर

नातीची दहावी झाली आणि माझ्या मुलानं नांदेडहून आम्हा दोघींना लातूरला खोली करून दिली. ती डॉक्टरकीच्या क्लासला जाणार, मी भाकरी थापणार. त्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक लेकरू आणि त्याच्यामागं एक आई नाहीतर आज्जी असायची. दुपारी लेकरं क्लासला गेली की आम्ही बायका जिन्यावर बसून शेंगा फोडायचो. मला ते दिवस आवडायचे. कुणी आवडू नयेत असं म्हणालं तरी आवडायचे.

नातीजवळ तिच्या मामानं दिलेला खेळ होता. हातात धरायचा, पाटीएवढा. त्यात तऱ्हेतऱ्हेची जनावरं धरायची, पाळायची आणि झुंजवायची. जनावरांत मला काही गोडी नव्हती. पण त्या खेळात एक शाळा होती आणि शाळेचा डायरेक्टर होता. पांढरी दाढी, चष्मा, सूटबूट. जेवताना ती खेळायची, मी तिच्या खांद्यावरून बघायची आणि ती मला सगळं मराठीत सांगायची.

त्या शाळेत काही पोरं येईनाशी झाली होती. ती वांड आहेत, त्यांना काढून टाका, असं वरून आलेलं. डायरेक्टर म्हणाला, आधी मी त्यांना विचारतो. डायरेक्टर म्हणून गेलो तर पोरं खरं बोलणार नाहीत, म्हणून त्यानं पोरांचे कपडे घातले, डोक्यावर केसांचा उंच टोप चढवला आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिला.

मी म्हणाले, "ह्या वयात? ह्याच्या बायकोनं कसं सोडलं ह्याला घराबाहेर?"

नात हसून हसून लवंडली. "आज्जी, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असू दे. दाढी तर दिसून राहिली त्याची."

पण माणूस मला पटला. शेवटी त्याला कळतं की त्या पोरांना आधी दुसऱ्यांनीच छळलेलं होतं आणि शाळेनं ते दाबून टाकलं होतं. तो पोरांपुढं मान खाली घालून माफी मागतो. मी चौथी शिकले. मास्तर लोकांना मान खाली घालताना मी एकदाही बघितलं नव्हतं.

नातीच्या क्लासलाही डायरेक्टर होते. चौकाचौकात त्यांचे फोटो होते, हाताची घडी घातलेले. पण त्यांना समोरासमोर भेटलेलं माणूस आमच्या जिन्यावर एकही नव्हतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मुलाचा फोन आला. "माय, क्लासचा मेसेज आलाय. पोरगी परीक्षेला बसतच न्हाई म्हणं. तू काय करून राहिली तिथं?"

"भाकरी."

"परवा येतो. आणतो तिला घरी. बस झालं शिक्षण. यंदा स्थळं बघू."

तो बोलतो तसं करतो, हे मला माहीत होतं. पोरगी तर रोज दप्तर घेऊन वेळेवर निघत होती. मग जात कुठं होती? विचारलं तर "क्लासला" म्हणायची. म्हणून दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी तिचा दुसरा स्कार्फ घेतला, लातूरच्या पोरी उन्हाला बांधतात तसा डोळे सोडून सगळ्या तोंडाला गुंडाळला आणि तिच्या मागं निघाले. वाटलं, मला कोण ओळखतंय!

कोपऱ्यावरचा चहावाला ओरडला, "आज्जी, कोणत्या बॅचला?"

नऊवारीवर स्कार्फ बांधलेली सगळ्या गल्लीत मी एकटीच. पण पोरगी थांबली नाही. ती क्लासात शिरली, हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडली. तिथून सरळ एसटी स्टँड. बाकावर बसली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ये आज्जी. पाय दुखले असतील. चौकापास्नंच बघितलं मी तुला."

मी स्कार्फ सोडला. जीव गुदमरला होता. तिला म्हणाले, "आता बोल. तुझा बाप उद्या येणार हाय."

ती रडली नाही. म्हणाली, "हॉलमध्ये शेकड्यानं पोरं आहेत, आज्जी. सर पडद्यावर दिसतात. मार्क कमी पडले की मागच्या हॉलला टाकतात, मग आणखी मागं. मी उठून गेले तरी कुणी विचारलं नाही. अंगठा लावला की झालं. मला डॉक्टर व्हायचं न्हाई. पण मला शाळा पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आला. चपला न काढताच म्हणाला, "सामान बांधा."

"आधी बस," मी म्हणाले. "भूकंपानंतर तू शाळेत जात नव्हतास. ध्यानात हाय का?"

तो उंबऱ्यावरच टेकला.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरच्या दक्षिणेला एका खेड्यात होतो. आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. पण ह्या पोरानं छपराची धास्ती घेतली. शाळा भरायची त्या पत्र्याच्या शेडातही शिरेना. मी दोनदा झोडपला, उपयोग नाही. मग हेडमास्तर रोज सकाळी आमच्या दारात येऊन बसायचे. मला म्हणायचे, "बाई, चहा द्या नाहीतर पोरगं द्या." पोराला कशाची भीती वाटते ते त्यांनी त्यालाच विचारलं. छपराची, म्हणाला. मास्तरांनी फळा उचलून कडुनिंबाखाली आणला आणि उन्हाळा लागेपर्यंत सगळा वर्ग तिथंच भरवला.

"त्यांनी विचारलं," मी म्हणाले. "तू हिला विचारलंस?"

मुलानं चपला काढून ठेवल्या. मग पोरीला म्हणाला, "दिवसभर कुठं बसत होतीस?"

"स्टँडवर."

"काय करत?"

"गाड्यांच्या पाट्या वाचत."

"येडी हायस. बरं, मग काय करायचं म्हणतीस?"

"नांदेडच्या कॉलेजात अकरावी-बारावी करते. जिथं सर नावानं हाक मारतील तिथं."

"आणि डॉक्टर?"

"न्हाई."

ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की खाली भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात थांबले असणार. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्यापुढं चुरमुऱ्यांच्या सुसल्याची ताटली सरकवली. त्यानं खाल्लं आणि म्हणाला, "सोमवारी कॉलेजात चौकशी करतो. स्थळं राहू दे."

सामान तर बांधायचंच होतं. दुपारची नांदेडची गाडी धरली. मला चाकावरची जागा मिळाली, कंबर मोडली. अहमदपूर यायच्या आधीच पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली. तिचा बाप तिचं दप्तर मांडीवर घेऊन बसला होता आणि गाडी आदळली की तिच्या डोक्यामागं हात धरत होता.