तांब्यावरचं नाव

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट रिजेक्ट करणं हे माझं काम. ओरखडा असला, माप बसत नसलं, तर पार्टवर लाल ठिपका द्यायचा, कारण लिहायचं आणि लाल ट्रेमध्ये टाकायचा. माल पुरवणारे येतात, चहा सांगतात, एवढ्याने काय होतंय भाऊ, चालून जाईल म्हणतात. मी नाही म्हणतो. या स्वभावामुळे कंपनीत मला मान आहे आणि मित्र कमी आहेत.

म्हणून हौसेने कॅमेरा घेऊन परदेशातल्या एका वेबसाइटला फोटो पाठवायला लागलो, तेव्हा रिजेक्शन म्हणजे काय हे मला वेगळं शिकायला लागेल असं वाटलं नव्हतं. जाहिरातवाले, मासिकवाले त्या साइटवरून फोटो घेतात. त्याआधी तिथला कुणीतरी तपासनीस फोटो पास करतो. कॅन्टीनमध्ये मी हे जरा लवकरच सांगून बसलो. मग रोज ताटावर कुणीतरी विचारायचंच, काय भावा, झाला का पास? एक, फक्त एक फोटो पास व्हावा, एवढंच मला हवं होतं.

पहिला फोटो निघोजे फाट्यावर संध्याकाळी शिफ्ट सुटतानाचा होता. तो नॉइज आहे म्हणून परत आला. फाट्यावर आवाज असतोच, पण तो फोटोत त्यांना कसा ऐकू गेला, यावर मी बराच विचार केला. कमी उजेडात फोटोवर जे रवाळ दाणे येतात त्यांना नॉइज म्हणतात, हे नंतर कळलं. पुढचे फोटो कंपन्यांची नावं दिसतात म्हणून गेले. आता आमच्या पट्ट्यात नाव नसलेली वस्तू आणायची कुठून? बसवर नाव, टोपीवर नाव, दिवाळीच्या बॅगेवर नाव, वर्धापनदिनाच्या छत्रीवर तर आतूनसुद्धा नाव. मग मी बायकोचा फोटो काढला. हावभाव नैसर्गिक नाहीत, असं उत्तर आलं. मी ते तिला वाचून दाखवलं. त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर आलेली नाही.

पुनावळ्यात आमचं शेत होतं तिथे आता सोसायटी आहे आणि तिच्यात चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. अशा एका गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात ऊन तिरकं आलं होतं आणि ओट्यावर आईचा पितळी तांब्या होता, नुकताच चिंचेने घासलेला. फोटो इतका चांगला आला की मी स्वतः तो पास केला असता. तो परत आला. वस्तूवरील नाव वाचता येते, असं कारण होतं.

मोठा करून पाहिलं. तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी एका बाईचं नाव घातलेलं होतं. आमच्या घरात सगळ्याच भांड्यांवर नावं आहेत. आजोबांचं, वडिलांचं, वास्तुशांतीला कुणी दिलं त्याचं. लग्नकार्यात भांडी एकमेकांत मिसळतात, म्हणून नाव घालायचं. पण हे नाव घरातल्या कुणाचंच नव्हतं. लहानपणापासून मी ते बघत होतो आणि कुठल्या तरी पंगतीत कुणाचा तरी तांब्या आपल्याकडे आला, असं धरून चाललो होतो. आमचाही एखादा तिकडे गेला असेल, म्हणजे हिशेब बरोबर.

मी कॉम्प्युटरवर ते नाव पुसलं. एकेक ठिपका पितळेच्या रंगाने बुजवला. कंपनीत याला रिवर्क म्हणतात. फोटो पास झाला. मला खूप आनंद झाला आणि कॅन्टीनमध्ये मी पेढे वाटले, तेव्हा तांब्याचा फोटो घेऊन परदेशात काय करतात, असं सगळ्यांनी विचारलं. ते मलाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आईला फोनवर फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला आणि गळ्याखाली काहीतरी शोधत राहिली.

"ह्यो आपला न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, आपलाच आहे, त्याच्यावर कुणाचं तरी नाव होतं ते मी काढलं.

"कुणाचं तरी म्हंजी? माजं हाय ते."

मग भाजी निवडता निवडता तिने सांगितलं. ते तिचं माहेरचं नाव. तिच्या वडिलांनी मावळातल्या बाजारात तांब्यावर घालून आणलेलं. लग्नाच्या दिवशी आमच्याकडच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरं नाव लिहिलं, आणि तेव्हापासून ती तीच. जुन्या नावाने तिचा भाऊ तेवढा हाक मारायचा. तो गेल्यापासून कुणी नाही.

रेशनकार्डावर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे मी आईचं जे नाव लिहिलं ते आमच्या घराने ठेवलेलं होतं. तिचं खरं नाव मी पुसायच्या लायकीचं समजलो होतो. मला फार लाज वाटली. ती म्हणाली, फोटोतलंच काढलंस न्हवं, मग काय झालं. पण तांब्या तिने तेवढ्यात उचलून आपल्याजवळ ठेवला.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा कॅमेरा लावला. या वेळी उजेड असा घेतला की प्रत्येक ठिपक्याची सावली पडावी, आणि फोकस बरोबर नावावर. आई शेजारी बसून सूचना देत होती. थोडा फिरव, काना दिसत न्हाई. आजवर शिकलेलं सगळं मी त्या फोटोत ओतलं आणि पाठवून दिला.

उत्तर कॅन्टीनमध्ये असताना आलं. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. संध्याकाळी आईसमोर बसून ते मराठी करून वाचलं. नाव अगदी स्पष्ट वाचता येते, त्यामुळे फोटो स्वीकारता येत नाही.

"वाचलं व्हय त्यांनी?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं.

"काय वाचलं?"

आईला नावाने हाक मारायची आपल्यात पद्धत नाही. मी जरा घुटमळलो आणि मग ते नाव मोठ्याने म्हटलं.

"ओ," आई म्हणाली.