चार तासांचं लंडन

नोएडात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका विमानप्रवासाचा हिशेब तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करून मांडत. "रात्री दोनला दिल्ली सोडली की सहाला लंडन. चारच तास, यार! मानेसरला जाऊन यायला तेवढे लागतात."

"काका, तिथली घड्याळं मागे असतात," मी सांगायचो.

"तुमची असतील!" म्हणत ते मलाच अडाणी ठरवायचे. बूथवरून लंडनच्या मुलाला फोन लावताना मात्र तिथे किती वाजलेत हे त्यांना अचूक कळायचं.

मुलगा गेला तो आलाच नाही. गणपतीत कुणीतरी खोचकपणे विचारलंच. काकांनी अख्खा मोदक तोंडात कोंबला, सावकाश गिळला.

"परतीला तेरा तास होतात हो. जायला जवळ आहे, यायलाच लांब पडतं."