दहा मिनिटं ऐकायचं

वर्तकनगरच्या समुपदेशन केंद्रात एक गृहस्थ मला दर शनिवारी भेटतात. आमची मुलं आत गटात बसून माणसांशी बोलायला शिकतात, आम्ही पालक बाहेर बाकावर. त्यांची लेक वर्षभर उदास आहे, एरवी खोलीबाहेर येत नाही. सोसायटीत मात्र त्यांनी जर्मनचा क्लास म्हणून सांगितलंय. डिप्रेशनला लोक नावं ठेवतात, जर्मनला कोण ठेवणार!

गृहस्थ भयंकर बोलके. समुपदेशक मॅडमनी मुलीला काहीही विचारलं की "तिला ना मॅडम..." अशी सुरुवात हेच करतात. मुलगी बुटाच्या लेसकडे बघत राहते.

गेल्या शनिवारी मॅडमनी पालकांना गृहपाठ दिला. मुलासमोर दहा मिनिटं बसायचं आणि फक्त ऐकायचं. यांना घरी पोचेपर्यंत धीर कुठला! तिथंच मोबाइलवर टायमर लावला, लेकीला समोर बसवलं. "बोल बेटा, मी ऐकतोय."

ती तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी ऐकून घेण्याचं महत्त्व सांगायला घेतलं. मग त्यांच्या वडिलांनी त्यांचं कधीच कसं ऐकलं नाही, ते. मग वागळे इस्टेटमधला त्यांचा स्टाफ त्यांच्याशी किती मोकळेपणानं बोलतो, ते. टायमर वाजला.

"बघ, किती हलकं वाटलं ना?" ते म्हणाले.

रिक्षात मी हा किस्सा माझ्या मुलाला अगदी नकलेसकट सांगितला. बाळकुमला घर येईपर्यंत मी सांगत होते. उतरताना तो पहिल्यांदा बोलला.

"आई, त्यांनी टायमर तरी लावला."