गप म्हणजे व्हय न्हाई

माझी पोरगी मोठी बोलभांड. घरात तिचं तोंड बंद करायची कुणाची टाप न्हाई. पण त्या दिवशी शाळेत ती गपगार बसली आणि तिथंच घोळ झाला.

आमच्या साखऱ्याच्या शाळेत शहरातल्या मोठ्या दवाखान्याची माणसं आली होती. पोरींच्या अंगात रक्त कमी असतं, त्यावर एक नवं औषध लागू पडतं का, हे त्यांना बघायचं होतं. अर्ध्या पोरींना नवं औषध, अर्ध्यांना जुनं, आणि आधी-नंतर हातातून रक्त काढायचं. आईबापानं सही केली तरी पोरीला बी विचारायचं, असा त्यांचा नियम. आमच्या मालकांनी सही ठोकून दिली होती, आणि त्या दिवशी मी, मालक, सासूबाई बी शाळेत गेलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं आणि विचारलं, "तुला चालेल का गं?" पोरगी खाली मान घालून बसली.

माझ्या सासूबाई म्हणाल्या, "घ्या बाई, घ्या. आमच्याकडं पोरगी गप बसली की व्हयच असतंय."

बाई परगावच्या. त्यांना वाटलं, असंल इथली रीत. त्या दंडाला रबरी पट्टी बांधाय लागल्या. तशी पोरीनं हात मागं ओढला.

"मी इचार करत होते. व्हय कवा म्हणले?"

अगं बाई! सगळ्या वर्गानं कान टवकारले. मग तिनं विचारलं, न्हाई म्हणलं तर शाळेत दर आठवड्याला मिळती ती रक्तवाढीची गोळी बंद व्हईल का? बाई म्हणाल्या, अजिबात न्हाई.

"मग न्हाई. मला न्हाई द्यायचं रक्त."

बाईंनी पट्टी सोडली. "माझंच चुकलं, बाळा," म्हणाल्या. मालक माझ्याकडं डोळे वटारून बघाय लागले. मी कशाला बघते! माझा ऊर भरून आला होता. डॉक्टर, मास्तर, बाप, आजी, एवढ्या मोठ्या माणसांत माझं लेकरू सरळ न्हाई म्हणालं होतं.

घरी जाताना सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "चार लोकांत नाक कापलं पोरीनं. तुला बघाय आलो तवा तू कशी शहाण्यावानी गप बसली होतीस! आमी तिथंच सुपारी फोडली."

"आत्याबाई," मी म्हणाले, "मला तवा बारावीला बसायचं होतं. मला कुणी विचारलंच न्हाई. हिला विचारलं, आन् हिनं सांगितलं."